परसातली नेरळ-माथेरान

परवा शनिवारी सकाळी सहा वाजता मी आमच्या मागच्या बागेत ओणवा होऊन एका गोगलगायीला रुळावरून उचलत होतो. अंगात रेनकोट, पायात स्लीपर (घालायच्या. रुळाखालच्या वेगळ्या, त्या पुढे येतील). स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको बघत होती. तिने काच वाजवून मनगटावरच्या नसलेल्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि परत झोपायला निघून गेली. वीकेंडला माणसं झोपतात असं तिचं साधं म्हणणं आहे. मला ते पटतंही. पण गोगलगाय रुळावरून गेली की मागे चिकट पट्टा सोडते, आणि त्या पट्ट्यावर दीड-दोन किलोचं इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसतं. हे मला तीन वर्षांपूर्वी माहीत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मला बरंच काही माहीत नव्हतं.

तर सुरुवातीपासून सांगतो.

आम्ही राहतो स्विंडनला. लंडनहून पश्चिमेला, गाडीने तासाभरावर. हे गाव मुळात रेल्वेचंच. ब्रुनेलच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना इथे १८४३ साली सुरू झाला आणि १९८६ साली बंद पडला. भरात असताना त्यात चौदा हजार माणसं कामाला होती म्हणे. आता त्या जागी एक आउटलेट मॉल आहे. जिथे इंजिनं बनायची तिथे सेलमध्ये बूट मिळतात. (गावात गोव्याची मंडळीही भरपूर आहेत, त्यामुळे बांगड्याची ददात नाही. हे आपलं जाता जाता.)

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. नवीन नवीन ओळख झाली तेव्हा ते म्हणाले, मी वीस वर्षं 'इनसाइड' होतो. मी मराठी माणूस, 'आत होतो' म्हटल्यावर जे डोक्यात यायचं तेच आलं. घरी येऊन बायकोला हळू आवाजात सांगितलं की पोरीला कुंपणापाशी एकटी सोडू नकोस. पुढे दोन महिन्यांनी कळलं की कारखान्यात कामाला असणं म्हणजे 'इनसाइड' असणं, ही इथली जुनी बोली आहे. आजोबा अप्रेंटिस म्हणून लागले आणि टाळं लागेपर्यंत आत होते.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये एका दुपारी मी टीमच्या कॉलवर होतो आणि कुंपणापलीकडून शिट्टी ऐकू आली. मोबाइलची नव्हे, वाफेची. बारीक, थोडी बेसूर, पण वाफेचीच. कन्या तेव्हा पाच वर्षांची. ती कधीच उलटी बादली घेऊन कुंपणाला लागली होती. मी कॅमेरा बंद करून (नेट गेलं असं सांगून) तिच्या शेजारी उभा राहिलो. पलीकडे गुलाबाच्या झुडपांमागून हातभर लांबीचं हिरवं इंजिन चार डबे घेऊन आलं, आमच्यासमोरून धूर सोडत गेलं आणि पाणवनस्पतींच्या डबक्याला वळसा घालून दिसेनासं झालं. आजोबा खुर्चीत बसून चहा पीत होते. इंजिनाकडे बघतही नव्हते.

झालं. लागण झाली.

बागेतल्या रेल्वेचं वेड युरोपात जुनं आहे, पण ते दुकानात खोक्यातून मिळायला लागलं १९६८ पासून. त्या वर्षी न्यूरेंबर्गच्या खेळण्यांच्या जत्रेत लेहमान या जर्मन कंपनीने 'एलजीबी' नावाची गाडी आणली. रुळांमधलं अंतर ४५ मिलिमीटर, प्रमाण १:२२.५, पितळेचे जाड रूळ, पावसात भिजलं तरी चालेल असं सगळं. मीही आधी तेच घेणार होतो. लाल खोकं ऑनलाइन कार्टमध्ये टाकूनही झालं होतं. मग रात्री वाचता वाचता कळलं की इंग्लंडात आणखी एक पंथ आहे. फुटाला १६ मिलिमीटर, म्हणजे साधारण १:१९ हे प्रमाण आणि रुळांमध्ये ३२ मिलिमीटर. ३२ गुणिले १९ म्हणजे ६०८. दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर.

दोन फुटी गेज! मी कर्जतला रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला माणूस. पुढचं स्टेशन भिवपुरी रोड, त्यापुढचं नेरळ. दोन फुटी गेज म्हटलं की आम्हाला एकच लाईन आठवते. आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या हट्टातून १९०७ साली पुरी झालेली नेरळ-माथेरान. कार्ट रिकामं केलं आणि रात्री दीड वाजता बायकोला उठवून सांगितलं की आपण परसात माथेरान बांधतोय. ती काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अडचणी दुसऱ्याच दिवशी सुरू झाल्या. खरी लाईन साधारण २१ किलोमीटरची. १:१९ ने ती करायची तर बाग एक किलोमीटरहून जास्त लांब हवी. माझी बाग नऊ मीटर बाय सहा. त्यात जास्तीत जास्त बसली ती २२ मीटरची लांबट वर्तुळाकार लाईन, म्हणजे खऱ्या हिशोबात सव्वाचारशे मीटर. दुसरं म्हणजे चढ. माथेरानची लाईन काही ठिकाणी वीसास एक चढते. साधं, हाताने चालवायचं वाफेचं इंजिन छोट्या प्रमाणात असा चढ चढत नाही, आणि उतारावर तर हातातून सुटतं, कारण एकदा रेग्युलेटर सोडला की त्यावर तुमचा ताबा नसतो. म्हणून माझं माथेरान सपाट. घाट नाही, माकडं नाहीत, घोडेवाले नाहीत. पाच स्टेशनं मात्र आहेत, कन्येने रंगवलेल्या पाट्यांसकट. वर्तुळ असल्यामुळे माथेराननंतर लगेच नेरळ येतं.

बांधकाम २०२१ च्या मार्चमध्ये केलं. काँक्रीटचे ४४ सेंटीमीटर लांबीचे पन्नास ब्लॉक आडवे मातीत बसवले, त्यावर प्लॅस्टिकच्या स्लीपरवाला लवचीक ट्रॅक स्क्रूने आवळला, वर कोंबड्यांना घालतात ती बारीक खडी थोड्या सिमेंटमध्ये कोरडीच मिसळून पसरली आणि झारीने पाणी शिंपडलं. एक लहानसं चारचाकी वाफेचं इंजिन जुनं मिळालं. आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला, नुसती गाडी फिरवून कसं भागणार? प्रत्येक स्टेशनात इन्फ्रारेड सेन्सर, मधे एक रास्पबेरी पाय, गाडी कुठे आहे, किती सेकंदांत आली, सगळं फोनवर ग्राफसकट. दोन स्टेशनांमधला वेळ वाढला की अलर्ट. मी तो डॅशबोर्ड ऑफिसातल्या लोकांनाही दाखवला होता. शेजारच्या आजोबांना दाखवला तेव्हा ते छान म्हणाले आणि विचारलं, रूळ पुसायला ब्रश कुठला वापरतोस?

ब्रश नव्हता.

पहिला झटका १९ जुलै २०२२ ला. त्या दिवशी इंग्लंडात पहिल्यांदाच पारा चाळिशीपार गेला, लिंकनशायरमध्ये ४०.३ अंश. खऱ्या रेल्वेने देशभर गाड्यांचे वेग कमी केले, काही मार्ग तर बंदच ठेवले. माझ्या रेल्वेने दुपारी तीन वाजता जुम्मापट्टीजवळ स्क्रू उपटून टाकले आणि ट्रॅक नागासारखा बाजूला झाला. मी फोटो काढून अण्णांना पाठवला. अण्णा म्हणजे माझे वडील. पाच मिनिटांत फोन आला.

"जॉइंटला गॅप किती ठेवली होतीस?"

"गॅप नाही ठेवली. एकदम टाइट बसवलेत सगळे. एकही फट नाही."

पलीकडे शांतता. मग, "लाईन टाकली तेव्हा थंडी होती ना?"

होती. सकाळचं तापमान आठ अंश होतं. मग मी कागदावर मांडलं. निकेल सिल्व्हर एका अंशाला मीटरमागे साधारण ०.०१६ मिलिमीटर वाढतं. २२ मीटर, आणि उन्हातला रूळ पन्नास अंशांपर्यंत गेला असं धरलं तर जवळजवळ दीड सेंटीमीटर. त्या दीड सेंटीमीटरला जायला मी जागाच ठेवली नव्हती. हे गणित मला अकरावीपासून येतं. डॅशबोर्डवर अर्थातच सगळं हिरवं होतं, कारण गाडी चालूच नव्हती.

इथे जरा थांबून अण्णांबद्दल सांगायला हवं.

अण्णा रेल्वेत गँगमन म्हणून लागले. सुरुवातीची चार वर्षं सोलापूरकडे, मग कर्जत. पुढे बरीच वर्षं कीमन आणि रिटायर होताना मुकादम. शहरातल्या मंडळींना कीमन म्हणजे काय हे माहीत असायचं कारण नाही. रूळ स्लीपरला ज्या चाव्यांनी धरलेला असतो त्या सैल झाल्यात का, फिशप्लेटचे बोल्ट ढिले झालेत का, रुळाला कुठे तडा आहे का, हे रोज आपल्या हद्दीत चालत जाऊन बघणारा माणूस. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरवे झेंडे आणि फटाके (धोका असला तर रुळावर लावायचे, इंजिन वरून गेलं की आवाज होतो). जाताना एका रुळाच्या बाजूने, येताना दुसऱ्या. पावसाळ्यात तर रात्रीची गस्त वेगळीच.

२६ जुलै २००५ ला मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. घाटात दरडी कोसळल्या, माथेरानची लाईन तर अशी वाहून गेली की ती २००७ साली परत सुरू झाली. दोन दिवस अण्णांचा पत्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला की आले, जेवले, झोपलेत. मी नंतर विचारलं काय झालं होतं, तर म्हणाले, "काय व्हायचंय? पाणी होतं."

आणि मी? २००२ साली अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर 'ऑक्युपेशन ऑफ फादर' असा एक रकाना होता. मी त्यात 'ऑफिसर, सेंट्रल रेल्वे' असं लिहिलं. कोणी सांगितलं नव्हतं. फीमध्ये त्याने काही फरक पडणार नव्हता, पडला असता तर उलटा पडला असता. फॉर्मवर पालकांची सही लागते. अण्णांनी चष्मा लावून तो फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला, मग सही केली आणि पेन मला परत दिलं. होस्टेलवर पहिल्या वर्षी मला तीच थाप पुढे चालवावी लागली, आणि एकदा ते मला भेटायला आले तेव्हा मी त्यांना गेटवरूनच हॉटेलात घेऊन गेलो, रूमवर नेलं नाही. असो. हे असं आहे.

तर २०२३ च्या एप्रिलमध्ये सत्तरीचे अण्णा पहिल्यांदा आमच्याकडे आले. एकटेच. आईला विमानाची भीती, ती बहिणीकडे राहिली. पहिले दोन दिवस जेट लॅग, तिसऱ्या दिवशी सकाळी खाली आलो तर अण्णा बागेत. स्वेटर, त्यावर मफलर, आणि जमिनीवर चक्क आडवे. मी धावत गेलो. मला वाटलं पडले की काय. गाल गवताला लावून ते एका डोळ्याने रुळाच्या रेषेत बघत होते.

"इथे लो जॉइंट आहे," न उठता म्हणाले. "आणि तिथे पलीकडे अजून एक. ह्या वळणावर तुझा शेवटचा डबा पडत असेल."

पडत होता! वॉटर पाईप स्टेशनच्या अलीकडे दर तिसऱ्या-चौथ्या फेरीला शेवटचा डबा उतरायचा. मी सहा महिने त्याच्या मागे होतो. सेन्सरच्या वेळा बदलून पाहिल्या, इंजिनाचा वेग मोजला, कोडमधला एक टाइमआउट तीन वेळा बदलला. स्पिरिट लेव्हल आणून ठेवली तर ब्लॉक सहा मिलिमीटर खचला होता. अण्णांनी १९ ने गुणून दाखवायला सांगितलं. ११४.

"साडेचार इंच. खऱ्या लाईनवर हे असतं तर मला घरी बसवलं असतं."

मग प्रश्न आला की ब्लॉक खचला का. अण्णांनी बोटाने माती उकरली, चिमटीत धरून चोळली आणि हसले. म्हणाले, ही तर सोलापूरकडची माती, रंग तेवढा वेगळा. स्विंडनचा खालचा भाग चिकणमातीवर वसलाय हे मला घर घेतानाच्या सर्व्हे रिपोर्टमुळे माहीत होतं. हिवाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. काळ्या मातीचंही अगदी तेच. अण्णा सांगत होते की तिकडे पावसाळ्यात खडीतून चिखल वर यायचा, कितीही पॅकिंग करा, चार गाड्या गेल्या की पुन्हा खाली. त्यावर उपाय एकच, आधी पाणी काढायचं. मी वरून पाचर मारून ब्लॉक उचलायच्या बेतात होतो. त्यांनी तो अख्खा उपसायला लावला. खाली वीतभर खणून माती फेकली, गार्डन सेंटरमधून आणलेली जाड वाळू आणि खडी भरून ठोकली, आणि लाईनच्या कडेने हातभर लांब चर खणून पाणी कोपऱ्यातल्या झुडपांकडे वळवलं. असे एकंदर अकरा ब्लॉक. तीन वीकेंड गेले. माझी कंबर गेली ती वेगळीच. अण्णांची शाबूत होती.

पण वळणाचं दुखणं एवढ्याने गेलं नाही. अण्णांनी कन्येकडे दोरा मागितला.

हा प्रकार मी प्रथमच पाहिला. वळणाच्या बाहेरच्या रुळाला आतल्या अंगाने साठ सेंटीमीटरचा दोरा ताणून धरायचा आणि मधोमध दोऱ्यापासून रुळापर्यंत किती अंतर आहे ते मोजायचं. त्याला व्हर्साइन म्हणतात. दोऱ्याच्या लांबीचा वर्ग भागिले आठ पट त्रिज्या. माझी त्रिज्या १२० सेंटीमीटर, म्हणजे सगळीकडे साडेसदतीस मिलिमीटर यायला हवेत. अण्णांना सूत्र ठाऊक नव्हतं, किंवा असेल तरी ते त्या नावाने नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच की आकडे शेजारी शेजारी सारखे हवेत, आणि सरळ लाईनीतून वळणात शिरताना एकेक पायरी चढत जायला हवेत. कन्या शाळेच्या वहीत लिहून घेत होती. ० नंतर एकदम ४१, मग ३३, मग ३९, मग ३५.

"बघ," अण्णा म्हणाले. "शून्यावरून एकदम एक्केचाळीस. गाडीला धक्का बसणार नाही तर काय होणार? आणि पुढे नुसत्या लाटा."

मी वळण कॅडमध्ये काढलं होतं. सरळ रेषा, त्याला जोडून कंपासने मारावा तसा चाप. कागदावर देखणं दिसतं. पण सरळ रूळ आणि वळण यांच्या मधे हळूहळू वळणारा जो तुकडा लागतो, तो मी ठेवलाच नव्हता. लवचीक ट्रॅक असल्याने तो हाताने दाबत, सरकवत, स्क्रू नव्याने मारत नीट करता आला. त्या संध्याकाळी वहीत ०, ९, २०, ३०, ३७, ३८, ३७ असे आकडे आले. ती वही अजून आहे.

त्याच दुरुस्तीच्या दिवसात एकदा शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले. मी ओळख करून दिली. माझे वडील, रेल्वेत होते, इंजिनिअरिंग डिपार्टमेंटमध्ये. हो, हे मी २०२३ साली म्हणालो. एकोणचाळिसाव्या वर्षी, स्वतःच्या घरी, ज्या माणसाला कर्जत नकाशात दाखवता येणार नाही त्याच्यासमोर. जीभ आपोआप वळली. आजोबांनी साहजिकच विचारलं, काय काम करायचे? मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "गँगमन. देन कीमन." आणि हाताने पाना फिरवून दाखवला.

आजोबा "आह, प्लेटलेयर!" म्हणाले आणि आत निघून गेले. दहा मिनिटांनी आले ते हातात पितळेचा एक छोटा गेज घेऊन, रुळांमधलं ३२ मिलिमीटर तपासायचा. त्यांनी तो स्वतः कधीतरी लेथवर बनवला होता. मला दोन वर्षांत त्यांनी तो दाखवलाही नव्हता. अण्णांच्या हातात ठेवला, आणि दोघं मिळून माझी लाईन तपासत फिरले. अण्णांचं इंग्रजी दहा-बारा शब्दांचं, आजोबांचं मराठी शून्य. "टाइट," "स्लॅक," "गुड," "नो गुड." "नो गुड" बरेचदा ऐकू आलं.

ते गेल्यावर आम्ही उरलेलं वळण मोजत होतो. मी दोरा धरला होता, अण्णा पट्टी लावत होते. मी म्हणालो, "अण्णा, तो अ‍ॅडमिशनचा फॉर्म..."

"मला वाचता येतं," अण्णा म्हणाले. मग पट्टीवरून नजर न काढता, "दोरा ताण नीट. सैल पडलाय."

मी दोरा ताणला.

जूनमध्ये एका रविवारी आम्ही पहिल्यांदा नीट गाडी चालवली. वाफेचं इंजिन चालवणं म्हणजे एक छोटं कर्मकांड असतं. बॉयलरमध्ये डिस्टिल्ड पाणी, कारण इथलं नळाचं पाणी इतकं जड की दोन महिन्यांत आत चुना धरेल. ल्युब्रिकेटरमध्ये दाट स्टीम ऑइल, टाकीत ब्यूटेन गॅस. गॅस आधी संपेल आणि पाणी नंतर, असा हिशोब टाक्यांच्या मापातच केलेला असतो, नाहीतर कोरडा बॉयलर जळायचा. काडी लावली की 'फप्' आवाज करून चिमणीच्या आत ज्योत बसते. मग सात-आठ मिनिटं काहीच होत नाही. माणसं उगाच घड्याळ बघतात. काटा चाळीस पाउंडांकडे सरकला की हळूच रेग्युलेटर उघडायचा. आधी सिलिंडरमधलं साठलेलं गरम पाणी चिमणीतून थुंकीसारखं उडतं (जवळ वाकून बघू नये, अनुभव आहे), इंजिन दोन-चार आचके देतं, आणि मग सुटतं.

गरम तेलाचा वास आला तसे अण्णा बोलायला लागले. त्यांचं लहानपण नेरळजवळच्या गावातलं. माथेरानच्या लाईनवर तेव्हा मूळची जर्मन इंजिनं होती, ऑरेनस्टाइन अँड कॉप्पेलची. ऐंशीच्या सुमारापर्यंत ती चालली. अण्णा सांगत होते की चढावर गाडी इतकी सावकाश जायची की पोरं उतरून करवंदं तोडून पुन्हा चढायची, आणि इंजिनाची चाकं वळणावर आपोआप सरकायची, "आतून काहीतरी मोकळं होतं". मी रात्री शोधलं. खरंच, त्या इंजिनांच्या कडेच्या आसांना क्लीन-लिंडनर पद्धतीची पोकळ नळी होती, त्यामुळे चाकं वळणावर थोडी आडवी सरकत. दहा वर्षांच्या पोराने ते नुसतं बघून ओळखलं होतं. कन्या मधेच "आजोबा, ही आपली टॉय ट्रेन पण तशीच आहे का?" म्हणाली, तर अण्णा एकदम गंभीर. "टॉय ट्रेन म्हणायचं नाही. रुळावरून उतरली की तिचीसुद्धा इन्क्वायरी लागते."

गाडी पंचवीस मिनिटं फिरली. एकदाही उतरली नाही. एक मात्र राहिलं होतं. पाट्या लावताना मी वॉटर पाईप आधी आणि जुम्मापट्टी नंतर लावली होती. नेरळहून चढताना आधी जुम्मापट्टी येते. कर्जतचा माणूस मी, आणि ही चूक दोन वर्षं तिथे उभी होती. अण्णांनी काही न बोलता पाट्या उपटून अदलाबदल केली.

सप्टेंबरमध्ये अण्णा परत गेले. सेन्सर मी काढलेले नाहीत, कन्येला ग्राफ बघायला आवडतं. पण शनिवारी सकाळी लाईन चालून येतो. तशी चालणार किती, बावीस मीटर! जाताना बाहेरच्या रुळाकडे बघत, येताना आतल्या. हिवाळ्यात शेवाळं धरतं, काळे ब्लॅकबर्ड त्यातले किडे शोधताना खडी उडवून रुळात टाकतात, ऑक्टोबरात पानं कुजून रुळावर काळा साबण होतो, शेजारचं मांजर माथेरान स्टेशनात ऊन खात बसतं. दर रविवारी अण्णांना फोन असतो. तब्येत, आईची शुगर, पाऊस किती, आणि मग लाईन. त्यांचे गुडघे आता दुखतात, पुन्हा विमानात बसतील असं वाटत नाही. मी विषय काढला की ते माथेरानच्या गाडीवर जातात. ती २०१९ च्या पावसात पुन्हा वाहून गेली होती, नेरळहून वर जायला लागली ती २०२२ च्या ऑक्टोबरात. त्या कामाची त्यांना बारीकसारीक माहिती असते. रिटायर होऊन दहा वर्षं उलटली तरी कोण देतं कोण जाणे.

तर परवा, ती गोगलगाय उचलली तिथून दोन ब्लॉक पुढे मला एक जॉइंट खाली गेलेला दिसला. गाल गवताला लावून, एक डोळा मिटून. स्पिरिट लेव्हल न लावता! रविवारी फोनवर मी आधी तेच सांगितलं.

"किती?" अण्णांनी विचारलं.

"तीन मिलिमीटर. नंतर मोजला."

"जवळ पाना होता?"

"नाही. पाना शेडमध्ये असतो. पाऊस होता, म्हटलं दुपारी..."

"मग कीमन कसला?" अण्णा म्हणाले. "फिरायला गेला होतास तू."